कंट्रोललॉजिक्स रिडंडन्सी: काही महिन्यांच्या वापरानंतर, स्कॅन टाइमच्या अंगाने

रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्स पीएलसीची (कारखान्यातली प्रक्रिया चालवणारा कंट्रोलर) रिडंडंट जोडी, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा काम हाती घेतो: दोन सारख्या चॅसी (मॉड्यूल बसवायच्या चौकटी), दोन्हींत त्याच स्लॉटमध्ये १७५६-एल७५ कंट्रोलर, दोघांना जुळतं ठेवणारं १७५६-आरएम२ मॉड्यूल, मध्ये फायबर. आय/ओ (सेन्सर-व्हॉल्व्हच्या जोडण्या) सगळे बाहेरच्या रॅकमध्ये. स्विचओव्हरबद्दल (दुसऱ्या कंट्रोलरने ताबा घेण्याबद्दल) तक्रार नाही. वापरताना खरं लक्ष द्यावं लागतं ते स्कॅन टाइमकडे (लॉजिक एकदा पूर्ण चालायला लागणारा वेळ), आणि तो किती वाढेल हे हार्डवेअरइतकंच तुमच्या लॉजिकवर ठरतं.

प्रत्येक प्रोग्रॅम संपला की प्रायमरी (चालू कंट्रोलर) थांबून त्या दरम्यान लिहिले गेलेले टॅग (मेमरीतल्या नाव दिलेल्या किमती) सेकंडरीकडे (राखीव कंट्रोलरकडे) पाठवतो. या क्रॉसलोडला दर थांब्याचा एक ठरलेला वेळ लागतो, वर डेटाच्या आकारानुसार भर. त्यामुळे तेच लॉजिक वीस छोट्या प्रोग्रॅममध्ये विभागलं तर चार प्रोग्रॅमपेक्षा जड जातं. प्रोग्रॅम प्रॉपर्टीजमध्ये 'सिंक्रोनाइझ रिडंडन्सी डेटा आफ्टर एक्झिक्युशन' ही खूण असते. ती काढली की थांबे कमी होतात, पण स्विचओव्हर झाल्यावर नवा प्रायमरी मागच्या सिंकपासून लॉजिक पुन्हा चालवतो. बॅचची बेरीज किंवा काउंटर असलेल्या प्रोग्रॅमची खूण काढू नका.

आता अनेकांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट. किंमत बदलली नसली तरी टॅगवर नुसतं लिहिलं तरी तो पाठवला जातो, आणि तोही एकटा नाही: मेमरी २५६ बाइटच्या ब्लॉकमध्ये मोजली जाते, एका बूलसाठी (हो-नाही सांगणारा टॅग) अख्खा ब्लॉक जातो. सुटा बूल तसाही ४ बाइट खातो. म्हणून सतत बदलणारे टॅग एका यूडीटीत (आपण ठरवलेल्या डेटा-गटात), रेसिपी आणि सेटपॉइंट दुसऱ्यात; सुट्या बूलऐवजी डीआयएनटीचे (३२ बिटांच्या पूर्णांकाचे) बिट वापरा. दर स्कॅनला चालणाऱ्या एमओव्हीआधी (किंमत कॉपी करणारी सूचना) एनईक्यू ('समान नाही का' ही तपासणी) लावा, म्हणजे किंमत बदलली तरच लिहिलं जाईल. एओआयमध्ये (आपण बनवलेल्या सूचनेत) इनपुट किंवा आउटपुट पॅरामीटरने दिलेला डेटा दर कॉलला कॉपी होतो, मोठ्या डेटासाठी इनआउट पॅरामीटर द्या. जुन्या प्रकल्पातून आलेले न वापरलेले टॅग निर्दयपणे उडवा.

मोजमापासाठी जीएसव्हीने (कंट्रोलरची अंतर्गत माहिती वाचणारी सूचना) रिडंडन्सी ऑब्जेक्टचं लास्टडेटाट्रान्सफरसाइझ आणि मॅक्सडेटाट्रान्सफरसाइझ वाचा. आकडा बाइटमध्ये नाही, डीआयएनटीच्या संख्येत मिळतो. सोबत टास्कचा मॅक्सस्कॅनटाइम, पण सेकंडरी सिंक असताना घेतलेलाच. सेकंडरी बंद ठेवून घेतलेले एफएटीचे (माल पाठवण्याआधीच्या फॅक्टरी चाचणीचे) आकडे प्लांटवर खोटे ठरतात. वॉचडॉगसाठी (टास्क जास्त लांबला तर फॉल्ट देणारी वेळमर्यादा) सूत्र: कमाल स्कॅनच्या दुप्पट अधिक १०० मिलिसेकंद.

पिरिऑडिक (ठरावीक अंतराने चालणाऱ्या) टास्कमध्ये सर्वात वरच्या प्रायॉरिटीला एकच टास्क ठेवा, कारण बम्पलेस (आउटपुटला झटका न देणाऱ्या) स्विचओव्हरची हमी त्याच टास्कपुरती आहे. इव्हेंट टास्क (घटना घडली की चालणारा) इथे चालत नाही, मोशनही (सर्व्हो मोटरचं नियंत्रण) नाही. बॉयलर, ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया), डिस्टिलेशन अशा सावकाश प्रक्रियेला हा खर्च परवडतो. वेगवान पॅकिंग मशिनसाठी मी हे सुचवणार नाही. तिथे तयार ठेवलेला सुटा कंट्रोलर आणि प्रोग्रॅमची कॉपी जास्त कामाची.