पोतं खालून उसवा

बाबांची सत्तरी आम्ही डिसेंबरात तळेगावच्या घरी, अंगणातच साजरी केली. माणसं पस्तीस. सुरमई, चिकन, पनीर, रताळी, मक्याची कणसं, सगळं कोळशावर भाजायचं आणि दोन अख्ख्या कोंबड्या आंब्याच्या लाकडाच्या धुरावर सावकाश होऊ द्यायच्या, असा बेत होता. मसाले वाटणं, मासळी सांगून ठेवणं, सगळं मी आठवडाभर आधी केलं. कोळसा तेवढा आदल्या दिवशी फोनवर मागवला.

टेम्पो दारात आला. "ताई, बाभळीचा आहे, हॉटेलवाल्यांना देतो तोच माल," असं म्हणत त्या माणसाने पोत्याचं तोंड उसवून दाखवलं. वर मनगटाएवढे काळेभोर तुकडे होते. २० किलोच्या पोत्याचे ११०० रुपये, 'शंभर टक्के करवंटी' असं लिहिलेल्या ब्रिकेटच्या, म्हणजे कोळशाची भुकटी दाबून केलेल्या गोळ्यांच्या, १० किलोच्या खोक्याचे ७५०. वर 'स्मोकिंगसाठी आंब्याचं लाकूड' म्हणून एक पिशवी त्याने अशीच दिली. बिल मागितलं तर म्हणाला, "मोबाइलवर पाठवतो." मी पैसे पाठवून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी दादाने साडेपाचला शेगडी पेटवली. नीट जळलेला, कोरडा कोळसा असेल तर वीस-पंचवीस मिनिटांत त्याच्यावर राखेचा पातळ पापुद्रा धरतो, धूर थांबतो आणि मगच वर जाळी ठेवायची असते. इथे सात वाजले तरी पिवळट धूर सुटतच होता. मधूनच तडतड होऊन ठिणग्या उडत होत्या. वहिनीच्या साडीला एक छिद्र पडलं. बाबांना दम्याचा त्रास आहे. ज्यांच्यासाठी सगळे जमले होते ते आतल्या खोलीत दार लावून, पंप घेऊन बसले. सुरमईचा पहिला घाणा काजळीने इतका कडवट झाला की तो टाकून द्यावा लागला. ते दोन तास आठवले की अजून जीव तुटतो.

मग आम्ही ब्रिकेट टाकले. धूर कमी झाला, पण काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसला वास येऊ लागला. गंधकाचा. करवंटीच्या कोळशाला असा वास येत नाही. दगडी कोळशाची भुकटी मिसळली असेल तर येतो, आणि त्यावर अन्न भाजायचं नसतं. शेवटी उरलेलं सगळं गॅसवर केलं.

सकाळी आमच्या इस्त्रीवाल्या मावशी कपडे न्यायला आल्या. वीस वर्षं त्या कोळशाची इस्त्री फिरवतात. त्यांनी पोत्यातून दोन तुकडे उचलले आणि एकमेकांवर आपटले. थप्प असा आवाज आला. "हा कच्चा आहे गं," म्हणाल्या. मग स्वतःच्या पिशवीतले दोन आपटून दाखवले. तो आवाज खणखणीत होता, काचेसारखा. त्यांचा तुकडा हातात हलका लागत होता आणि मोडला तेव्हा आतपर्यंत काळा, चमकदार निघाला. आमचा मोडता मोडेना, आणि मोडला तेव्हा आत तपकिरी लाकूड होतं. "पोतं कायम खालून उसवायचं," एवढं सांगून त्या गेल्या.

मी अख्खं पोतं ताडपत्रीवर ओतलं आणि वजनकाटा घेऊन बसले. एकूण भरलं २०.२ किलो. त्यात भुकटी आणि चुरा ४.८ किलो, दगड-माती १.१, अर्धवट जळालेली लाकडं ३.६. उरला १०.७ किलो कोळसा. तो तीन दिवस उन्हात वाळवला तर ८.२ किलो राहिला. म्हणजे अडीच किलो मी पाणी विकत घेतलं होतं. ५५ रुपये किलोचा म्हणून घेतलेला कोळसा मला १३४ रुपयांनी पडला.

कोळसा करताना भट्टीत लाकूड रचून वरून पालापाचोळा आणि माती लिंपतात आणि आत हवा जेमतेम ठेवून काही दिवस धुमसू देतात. घाई करून भट्टी लवकर फोडली की माल कच्चा राहतो. कोळसा स्पंजासारखा पाणी पितो, त्यामुळे वजन वाढवायचं असेल तर त्याच्यावर नुसतं पाणी मारलं तरी पुरतं. इथे एक सांगायलाच हवं. ही भट्टी लावणारे हात बहुतेकदा आपल्या रायगडच्या कातकऱ्यांचे असतात. पाऊस संपला की उचल घेऊन अख्खी कुटुंबं भट्टीवर जातात. या लबाडीतलं त्यांच्या हाती काही लागत नाही. तेव्हा राग त्यांच्यावर काढू नका.

ब्रिकेटचंही मी करून पाहिलं. एक किलो मोजून लोखंडी घमेल्यात पूर्ण जाळले. मागे ३१० ग्रॅम राख उरली, तीही विटकरी, आणि गोळ्यांचा आकार तसाच धरून राहिलेली. बोटाने दाबली तर कडक माती. करवंटीचा कोळसा आणि बांधायला थोडी खळ, एवढंच असतं तर राख दहा टक्क्यांच्या आत, मऊ आणि पांढुरकी राहिली असती.

'आंब्याच्या लाकडा'ची पिशवी त्या संध्याकाळी उघडायची वेळच आली नाही, हे नशीब. आत प्लायवूडचे तुकडे होते, कडेला थर आणि त्यांच्यामधला गोंद स्पष्ट दिसत होता. काहींना रंग. असल्या लाकडाचा विषारी धूर आम्ही कोंबडीला चार तास दिला असता.

आणखी एक, फसवणुकीशी संबंध नसला तरी. त्या रात्री थंडी वाढली तेव्हा कोणीतरी निखाऱ्यांची शेगडी उचलून काचा लावलेल्या व्हरांड्यात, म्हाताऱ्या माणसांजवळ ठेवायला निघालं होतं. मी ओरडून थांबवलं. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि बंद जागेत माणूस झोपेतच जातो. शेगडी उघड्यावरच ठेवा. उत्तम कोळसा असला तरीही.

त्या विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "ताई, कोळसा म्हटलं की चुरा निघणारच." दुसऱ्या फोनपासून नंबर लागेना. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार करायला बसले तेव्हा कळलं की माझ्याकडे दाखवायला काहीच नाही. बिल नाही, पोत्यावर नाव-पत्ता नाही, खोक्यावर निव्वळ वजन आणि उत्पादकाचं नाव कायद्याने हवं, तेही नाही. हे मी पैसे देण्याआधी बघायला हवं होतं. आता मी मावशी घेतात त्या वखारीतून, कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी दोन किलो आणते, जाळून बघते आणि मग बाकीचा सांगते.

गेल्या रविवारी शेजारच्या गल्लीत तोच टेम्पो उभा दिसला. समोरच्या काकू पोत्याच्या तोंडातले चकचकीत तुकडे हातात घेऊन बघत होत्या. मी जाऊन म्हटलं, काकू, पोतं आडवं करायला सांगा आणि खालची शिवण उसवून बघा. त्यांनी खरोखरच घरातून कात्री आणली. टेम्पोवाल्याने माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता पोतं वर फेकलं आणि गाडी सुरू केली.