क्रिंप डाय: दहा महिने आणि सातशे काडतुसांनंतर

क्रिंप डाय म्हणजे काडतुसाचं तोंड गोळीभोवती आवळणारा साचा, त्याचा हा अनुभव. आधी एक खुलासा. मी पेनसिल्व्हेनियात राहतो. उडालेल्या पितळी पुंगळ्यांत (काडतुसाच्या कवचांत) पुन्हा दारू आणि गोळी घालून स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना लागत नाही, विकायची तर लागतो. भारतात विनापरवाना हे केलं तर सरळ गुन्हा, तेव्हा तिकडच्या मित्रांनी नुसतं वाचावं. मीही ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो होतो. आईला फोनवर "दारू मोजतोय" म्हणालो, तर पुढची दहा मिनिटं तिची समजूत काढण्यात गेली.

रायफल मार्लिन 336, काडतूस .30-30 विंचेस्टर, म्हणजे 1895 पासूनचं जुनं खोड. इथे हरणाच्या शिकारीला सेमी-ऑटो रायफल चालत नाही, लिव्हर (खालची दांडी हलवून पुढचं काडतूस चढवायची) चालते. या रायफलचं मॅगझिन म्हणजे नळी. तीत सहा काडतुसं एकामागे एक झोपलेली, प्रत्येकाचं नाक पुढच्याच्या बुडाला टेकलेलं. टोकदार नाक पुढच्याच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीवर आपटलं तर नळीतच बार उडू शकतो, म्हणून गोळी चपट्या नाकाची घ्यायची. बार उडाला की धक्क्यासरशी अख्खी रांग आपटते, वर स्प्रिंगचा दाब असतोच. गोळी सैल असेल तर पुंगळीत आत सरकते, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. त्यामुळे इथे क्रिंप, म्हणजे पुंगळीचं तोंड गोळीच्या कमरेवरच्या खाचेत आवळणं, ही हौस नाही, गरज आहे.

पहिलं वर्ष मी सेटसोबत आलेल्या डायनेच काढलं. त्यात गोळी बसवणं आणि रोल क्रिंप एकाच दांड्यात होतं. ऐकायला झकास. पहिल्या वीसपैकी सात काडतुसं चेंबरमध्ये (बार उडतो त्या घरात) जाईनात. रायफलला शिव्या देऊन झाल्या, मग व्हर्नियर काढला. पुंगळ्यांची लांबी कमाल 2.039 इंच हवी. माझ्याकडे 2.030 पासून 2.045 पर्यंत सगळा बाजार भरला होता. रोल क्रिंपमध्ये डायच्या आतली पायरी तोंडाचा काठ आत वळवते. पुंगळी लांब असली की काठ लवकर टेकतो आणि उरलेला दाब खाली उतरून पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, फुगवतो. शिवाय काठ आवळत असताना गोळी अजून खाली येतच असते, त्यामुळे तिचं तांबं खरवडलं जातं. भोसरीच्या टूलरूममध्ये सहा वर्षं थाऊ-थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मोजून माझं हे असं झालं!

मग कोलेटवाला, म्हणजे पाकळ्यांच्या चिमट्याचा, क्रिंप डाय घेतला. हा वरून दाबत नाही. शेलहोल्डर, म्हणजे पुंगळीचं बूड धरणारी पकड, कोलेटला वर ढकलतो, उताराच्या भिंतीमुळे त्याच्या चार पाकळ्या मिटतात आणि पुंगळीची मान चहूबाजूंनी चिमटली जाते. लांबीतला दोन-चार थाऊंचा फरक तो पोटात घालतो. अर्थात खाच तोंडाशी यायला हवी म्हणून ट्रिमिंग (पुंगळ्या कापून एका लांबीच्या करणं) मी सोडलेलं नाही. गोळी बसवणारा जुना डाय, तो क्रिंप करू नये म्हणून, वर उचलून ठेवलाय. त्यात आधी सगळ्या गोळ्या बसवायच्या, 2.550 इंचाच्या मर्यादेत, आणि क्रिंप नंतर वेगळ्या फेरीत. पन्नास काडतुसांमागे दहा-बारा मिनिटं जास्त जातात. फुगलेला खांदा मात्र त्यानंतर पाहिला नाही.

तपासणी अशी केली. एका काडतुसावर मार्करने खूण करून ते नळीत सगळ्यात शेवटी वापरलं जाईल असं भरलं, बाकीची पाच उडवली, मग ते काढून मोजलं. बिनक्रिंपचं नऊ थाऊ आखडलं होतं, कोलेट क्रिंपचं एक. तो एक माझ्या हाताचाही असेल.

तक्रारी आहेत. माझा कोलेट नवा असताना अडकायचा. पाकळ्या मिटल्या की उघडायच्याच नाहीत. उताराच्या पृष्ठभागाला बारीक पॉलिश मारून ग्रीसचं बोट फिरवल्यावर सुधारला. दर दोन-तीनशे काडतुसांनंतर खोलून पुसावा लागतो. आणि किती आवळायचं याची खूण डायवर नाही, अंदाज हातालाच यावा लागतो.

इथे मी शेण खाल्लं. डाय शेलहोल्डरला टेकल्यावर अर्धा फेरा पुरे होता, मी "मजबूत होऊ दे" म्हणून पूर्ण फेरा दिला. पितळ दाबल्यावर परत उसळतं, गोळीतलं शिसं उसळत नाही. त्यामुळे फार आवळलं की पकड उलट सैल होते. हातोडीच्या पुलरने (गोळी उपसायचं हत्यार) खोललेल्या त्या गोळ्यांना मध्येच कंबर आली होती. खरी पकड मानेच्या घट्टपणाची, ती साइझिंगमध्येच, म्हणजे रिकामी पुंगळी दाबून मापात आणतानाच, यायला हवी. तिथे ढिलाई असेल तर क्रिंप ती भरून काढत नाही.

.308 या दुसऱ्या काडतुसाच्या बोल्ट रायफलसाठी याच प्रकारचा, पण .308चा डाय महिनाभर वापरून सोडून दिला. शंभर यार्डांवर गोळ्यांची भोकं किती जवळ पडतात, त्या गटात मला फरक दिसला नाही. तिथे खेळ गोळी किती खोल बसते याचा. मऊ टोकं चेपलेली असतात, म्हणून लांबी टोकापासून न मोजता कंपॅरेटरने (व्हर्नियरला लावायचं साधन) ओजाइव्हपासून, म्हणजे गोळीच्या वळणापासून, मोजतो आणि बॅरलमधल्या खोबणींच्या सुरुवातीपासून वीस थाऊ मागे ठेवतो. टेकवून बसवायच्या भानगडीत पडत नाही. दाब चढतो, आणि न उडवलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी बॅरलमध्येच अडकून राहू शकते.

तेव्हा बोल्ट रायफलवाल्यांनी पैसे वाचवावेत, नळीच्या मॅगझिनवाल्यांनी घ्यावा. माझी साठ काडतुसं हरणाच्या शिकारीसाठी, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारसाठी, डब्यात तयार आहेत. कंबर आलेल्या गोळ्या मुलाने खेळण्यातल्या ट्रकमध्ये भरल्या होत्या, त्या काढून घेऊन कपाटाला कुलूप लावलंय.