नेटवर्किंगच्या क्लासने दिलेले बनावट प्रमाणपत्र

बी. एस्सी. ई. सी. एस. (एंटायर कॉम्प्युटर सायन्स) या संगणकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपल्यावर, २०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी सोलापुरातील सात रस्ता भागातल्या एका खासगी क्लासमध्ये सीसीएनएच्या, म्हणजे सिस्को या कंपनीच्या नेटवर्किंगमधील प्रमाणपत्र परीक्षेच्या, शिकवणीसाठी नाव घातले आणि तीन हप्त्यांत मिळून २२,००० रुपये भरले. वडील अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रमागावर कामाला आहेत. पहिल्या हप्त्यासाठी त्यांनी भिशी उचलली होती. क्लासचे नाव मी येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. शिवाय अशा ठिकाणी पाटी बदलायला एक दिवस पुरतो, त्यामुळे नावापेक्षा पद्धत ओळखता येणे अधिक उपयोगाचे आहे.

शिकवणी, आंतरराष्ट्रीय परीक्षा, प्रमाणपत्र आणि पुण्यात नोकरीची हमी, असे सर्व काही त्या २२,००० रुपयांत बसवले होते. येथेच कागद-पेन्सिल घेऊन बसलो असतो, तर पुढचे सारे टळले असते. सीसीएनएच्या परीक्षेचे शुल्क ३०० डॉलर आणि त्यावर कर असे आहे, आणि त्या वेळच्या दराने कर धरण्याआधीच ते २४,००० रुपयांच्या वर जात होते. म्हणजे क्लासने आम्हाला चार महिने फुकट शिकवून वर प्रत्येकामागे पदरचे दोन-तीन हजार घालायला हवे होते. एवढा दानशूर मनुष्य सात रस्त्यावर जागेचे भाडे भरून का बसला असेल, हा प्रश्न आमच्या तुकडीतील एकालाही पडला नाही.

सुरुवात मात्र चांगली झाली, हे मान्य करायला हवे. पहिल्या आठवड्यात सरांनी केबलला कनेक्टर बसवायला शिकवले. पांढरी-नारंगी, नारंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने आठ तारा सरळ करायच्या, टोके एका रेषेत कापायची, कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सरकवायच्या आणि पकडीने दाबायच्या. माझ्या पहिल्या तीन केबली टेस्टरवर नापास झाल्या, चौथीचे आठही दिवे लागले. हे एक काम मी तेथे खरोखर शिकलो. माहितीपत्रकावर राउटर आणि स्विचने भरलेल्या रॅकचे छायाचित्र होते. प्रत्यक्षात कोपऱ्यात दोन जुने राउटर होते आणि त्यांना विजेची वायरच नव्हती. सराव पॅकेट ट्रेसरवर, म्हणजे संगणकावरच नेटवर्क जोडून पाहण्याच्या सॉफ्टवेअरवर, चालत असे आणि त्याच्या ‘लायसन्स’चे म्हणून पावतीवर १,५०० रुपये लावले होते. पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत खाते उघडून कोणालाही मोफत घेता येते.

दुसऱ्या महिन्यानंतर शिकवणे थांबले आणि प्रश्नांची पीडीएफ आली. मुले तिला ‘डम्प’ म्हणत. उत्तर का बरोबर आहे हे विचारले, तर सर म्हणायचे, “अरे, परीक्षेत हेच येणार आहे, तू फक्त पाठ कर.” ऑगस्टमधील एका रविवारी त्याच खोलीत, त्याच संगणकांवर आमची ‘आंतरराष्ट्रीय परीक्षा’ झाली. खरी परीक्षा पिअर्सन व्ह्यू या परीक्षा घेणाऱ्या कंपनीमार्फत होते. ती त्यांच्या केंद्रावर किंवा घरून कॅमेऱ्याच्या नजरेखाली द्यावी लागते, ओळखपत्र तपासले जाते, मोबाइल जवळ ठेवता येत नाही आणि वेळ १२० मिनिटांची असते. आमचे मोबाइल खिशात होते, मध्ये चहा आला आणि पाऊण तासात सगळे उत्तीर्ण झाले. आठ दिवसांनी प्रमाणपत्र मिळाले, तेव्हा घरी पेढे वाटले.

पदवीनंतर, २०२४ च्या जूनमध्ये, पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला मुलाखतीसाठी गेलो. समोरच्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला: १९२.१६८.१०.७७ या पत्त्याला /२६ चा मास्क असेल, तर हा पत्ता कोणत्या नेटवर्कमधला? नेमका हा आकडा पीडीएफमध्ये नव्हता. मास्क म्हणजे नेटवर्कमधील पत्त्यांचे गट किती मोठे आहेत हे सांगणारा आकडा; /२६ म्हणजे ६४-६४ पत्त्यांचे गट. ७७ हा ६४ ते १२७ या गटात पडतो, म्हणून नेटवर्क ६४ चे, ब्रॉडकास्ट, म्हणजे गटातील सर्वांना एकदम निरोप धाडण्याचा पत्ता, १२७ आणि मधले ६२ पत्ते वापरण्याजोगे. आज हे मी झोपेतही सांगेन, पण त्या दिवशी मी “६०” असे काहीतरी बोललो.

मग त्यांनी माझे प्रमाणपत्र पुढे सरकवले आणि म्हणाल्या, “यावरचा क्यूआर कोड तुम्हीच स्कॅन करा आणि जे पान उघडेल त्याचा पत्ता मोठ्याने वाचा.” पानावर सिस्कोचे बोधचिन्ह, माझे नाव आणि हिरवी खूण होती. पत्ता मात्र ‘सिस्को डॉट’, पुढे आमच्या क्लासचे नाव आणि शेवटी ‘डॉट इन’ असा होता. डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाचे, नाव उजवीकडून डावीकडे वाचायचे असते: आधी ‘इन’, मग ज्याने ते नाव नोंदवले त्याचे नाव, आणि त्याच्या डावीकडे तो मालक त्याला हवा तो शब्द लावू शकतो, मग तो ‘सिस्को’ असो की ‘सिद्धेश्वर’. म्हणजे क्लासनेच क्लासच्या प्रमाणपत्राला खरे ठरवले होते. डीएनएसची, म्हणजे इंटरनेटवरील नावे सांभाळणाऱ्या व्यवस्थेची, हीच उतरंड मी विद्यापीठाच्या परीक्षेत आकृतीसह लिहून त्याचे गुणही घेतले होते. सिस्कोच्या स्वतःच्या पडताळणीच्या पानावर आमचा क्रमांक टाकला, तेव्हा अशी कोणतीही नोंद निघाली नाही.

परतीच्या गाडीत मी बाकीचे तपासले. डोमेन कधी नोंदवले गेले हे दाखवणाऱ्या ‘हूइज’ या सेवेत पाहिले, तर ‘१५ वर्षांची परंपरा’ सांगणाऱ्या क्लासचे डोमेन माझ्या प्रवेशाच्या पाच महिने आधी नोंदवलेले होते; एवढ्यावरून कोणी लबाड ठरत नाही, पण विचारायला हवे होते. त्याहून ढळढळीत चूक कागदावरच होती. प्रमाणपत्रावर परीक्षेचा क्रमांक २००-१२५ छापला होता. ती परीक्षा बंद होऊन २४ फेब्रुवारी २०२० पासून २००-३०१ सुरू झाली आहे, आणि माझ्या प्रमाणपत्रावर तारीख ऑगस्ट २०२३ ची होती. हे सर्व तपासायला मला दहा मिनिटेही लागली नाहीत, आणि त्यासाठी लागणारे ज्ञान माझ्याजवळ वर्षभर होते. शिकवणाऱ्याला एकदा ‘सर’ म्हटले की त्यांनी दिलेल्या कागदाचा पत्ता वाचून पाहणे हा उर्मटपणा वाटतो, आणि आमचे सर हे आमच्यापेक्षा चांगले ओळखून होते.

सात रस्त्याच्या त्या खोलीत आता कुरिअरचे कार्यालय आहे. खालच्या झेरॉक्सवाल्या काकांनी सांगितले की जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतच टेम्पो भरून सामान गेले. सायबर तक्रारीसाठीच्या १९३० क्रमांकावर मी फोन केला, परंतु पैसे जाऊन वर्ष उलटले होते. खात्यातील रक्कम गोठवण्यासाठी त्या क्रमांकावर लगेच कळवावे लागते. जिल्हा ग्राहक आयोगात मात्र दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल, तर शुल्क पडत नाही. ‘भरलेली रक्कम परत मिळणार नाही’ असे छापलेली पावती, यूपीआयने दिलेल्या दोन हप्त्यांचे तपशील, क्यूआर कोडने उघडलेल्या पानाचे पत्त्यासह छायाचित्र आणि ‘हूइज’ची प्रत मी जोडली आहे. तिसरा हप्ता रोख दिला होता, त्याची पावती मागायचे राहून गेले, त्यामुळे दावा १५,००० रुपयांचाच आहे. आमच्या तुकडीतील आणखी चौघांनी तक्रार करायची तयारी दाखवली आहे. त्यांपैकी दोघांना पावत्या अजून सापडलेल्या नाहीत.