ग्वानाहुआतोत एकच रविवार: किहोतेचं संग्रहालय की रिव्हेराचं घर?

वाळूज-शेंद्र्यातून मेक्सिकोला जाणारे आता खूप झालेत. नव्या लाइनची उभारणी, मशीनची चाचणी, ग्राहकाकडची एखादी क्वालिटीची तक्रार, असं काही ना काही निघतं आणि आपलं पोरगं सिलाओला जाऊन पोचतं. जनरल मोटर्स आणि फोक्सवागनचे कारखाने तिथे आहेत, त्यांच्या भोवती सुटे भाग करणाऱ्यांचा पसारा आहे. आठवडाभर शॉप फ्लोअर आणि हॉटेल, याच्या पलीकडे काही दिसत नाही. मग निघायच्या आधी हमखास विचारणा येते, "सर, मधे एकच रविवार भेटायलाय. काय बघू?"

सिलाओपासून तासाभराच्या आत ग्वानाहुआतो शहर आहे, तिथे जा, हे सांगायला मला विचार करावा लागत नाही. चांदीच्या खाणींवर उभं राहिलेलं, 1988 साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेलं हे गाव डोंगराच्या घळीत वसलंय. जुन्या नदीच्या पात्रातून आणि बोगद्यांतून गाड्या जातात, वर गल्ल्या माणसांसाठी मोकळ्या. खरा प्रश्न त्याच्या पुढचा असतो. दिवस एकच आणि चित्रं बघायची आवड असेल, तर दोन नावं समोर येतात: डॉन किहोतेला (आपल्या डॉन क्विक्झोटला) वाहिलेलं चित्रसंग्रहालय आणि डिएगो रिव्हेराचं जन्मघर. (ममींचं संग्रहालय तुम्हाला टॅक्सीवाल्यापासून हॉटेलच्या रिसेप्शनपर्यंत सगळे सुचवतील. काचेच्या पेटीतली मेलेली माणसं बघायला माझं मन घेत नाही, म्हणून त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही.)

मी दोन्हीकडे जाऊन आलोय. दोन्हीबद्दल मला आदर आहे. तरी एकच निवडायचं असेल तर माझा कल कुठे आहे हे लपवत नाही, कारण मात्र नीट सांगतो.

रिव्हेराच्या घरापासून सुरुवात करू, कारण आपल्यापैकी चित्रकलेची आवड असणारा बहुतेक जण तिकडेच ओढला जातो. तसं वाटणं साहजिक आहे. मेक्सिकोच्या भित्तिचित्रांच्या चळवळीतला हा सगळ्यात मोठा माणूस. 1886 साली पोसितोस गल्लीतल्या या घरात तो जन्मला आणि लहान असतानाच घरच्यांबरोबर मेक्सिको सिटीला गेला. खालच्या मजल्यावर त्या काळच्या घरासारखं सामान मांडलंय, पलंग, आरसे, खुर्च्या. वर चित्रं. शिकत असतानाची, पॅरिसमध्ये क्युबिझमच्या, म्हणजे वस्तू कोनाकोनांत तोडून मांडणाऱ्या शैलीच्या, वाटेने गेला तेव्हाची, आणि मोठ्या भित्तिचित्रांआधीचे आराखडे. एखाद्या माणसाचा हात कसा घडत गेला हे ज्याला बघायचंय, त्याला इथे भरपूर मिळेल. आपल्याकडच्या चित्रकला महाविद्यालयात शिकलेला कुणी माझ्याबरोबर असता तर त्याला मी तिथून लवकर बाहेर काढूच शकलो नसतो.

पण माझी अडचण वेगळी झाली, आणि निवड तिथेच ठरली.

अडचण पाट्यांची. स्पॅनिश बोलणाऱ्या देशात पाट्या स्पॅनिश असणार, त्यात कुणाचाही दोष नाही. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी माणसालाही हेच सोसावं लागतं. मात्र एखाद्या चित्रकाराची वाढ दाखवणारं दालन पाटीशिवाय उलगडत नाही. हे चित्र कोणत्या वर्षाचं, त्या आधी तो कुठे होता, हा चेहरा कुणाचा, हा आराखडा पुढे कोणत्या भिंतीवर गेला, हे कळलं तरच त्या चित्राचं तिथे असणं कळतं. मग मी मोबाइल काढायचो, पाटीवर धरायचो, भाषांतर उमटायची वाट बघायचो. कधी काचेवर उजेड पडून अक्षरं पकडली जायची नाहीत, कधी भाषांतर अर्धवट यायचं. तेवढ्यात मागे उभं असलेलं कुटुंब पुढे सरकायचं, म्हणून मी बाजूला व्हायचो. शेवटी जिना उतरताना लक्षात आलं की माझे डोळे चित्रांपेक्षा मोबाइलवर जास्त वेळ होते. चित्रं बघायला गेलेल्या माणसाला याहून जास्त खटकणारं दुसरं काय असणार?

तयारी करून गेलं तर हे टळतं, असं कुणी म्हणेल. काही अंशी टळतं. रिव्हेराचं चरित्र वाचून, चित्रांची नावं माहीत करून गेलात तर तुमचा अनुभव माझ्यापेक्षा नक्कीच बरा असेल. पण कारखान्याच्या कामाने गेलेल्या माणसाला शनिवारी रात्री उशिरापर्यंत ग्राहकाच्या मेलला उत्तरं द्यायची असतात. तेवढी तयारी आपल्यातले किती जण करतील, हे तुम्हीच ठरवा.

किहोतेच्या संग्रहालयात यातलं काहीच आड आलं नाही. पाट्या तिथेही स्पॅनिशच. पण आत शिरल्यावर पहिल्या दालनातच मोबाइल खिशात गेला. उंच, हाडं निघालेला म्हातारा, हातात भाला, खाली तसाच वाळलेला घोडा. शेजारी गाढवावर बसलेला गोलमटोल सोबती. मागे कुठेतरी पवनचक्की. सांगायला कुणी लागत नाही. आपण त्याला डॉन क्विक्झोट म्हणत आलोय. पवनचक्कीला राक्षस समजून धावून जाणारा वेडा सरदार एवढी ओळख तर शाळेतल्या वाचनातूनच झालेली असते. तेवढी पुरते.

मराठवाड्यातल्या माणसाला हे एका उदाहरणाने लगेच कळेल. अजिंठ्याला सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक रंगवलंय. कथा माहीत नसेल तर कितीही वेळ भिंतीपुढे उभे राहा, हा कोण, तो का रडतोय, रथ कुणाला दिला, काही उलगडत नाही. गाइड हवाच. वेरूळला रावण कैलास हलवतोय ते शिल्प मात्र सोळाव्या लेण्यात बघा, एकविसाव्यात बघा, एकोणतिसाव्यात बघा. तिन्हीकडे आपण पहिल्या नजरेत ओळखतो, आणि ओळखल्यामुळेच पुढचं दिसायला लागतं. या शिल्पकाराने रावणाच्या पाठीचा ताण कसा दाखवला, त्याने पार्वतीची भीती कशी दाखवली, इथला शंकर किती निश्चिंत आहे. गोष्ट कळलेली असते, त्यामुळे सगळं लक्ष हातावर जातं. किहोतेचं संग्रहालय हे एकाच गोष्टीवर अनेक हातांनी केलेलं काम आहे. चित्रं आहेत, शिल्पं आहेत, विणलेले पडदे आहेत. साल्वादोर दालीचा किहोते आहे, पेद्रो कोरोनेलसारख्या मेक्सिकन चित्रकारांचे आहेत. कुणी त्याला चार रेघांत संपवलंय, कुणी अख्ख्या भिंतीएवढा केलाय. कुणाला त्याच्यात खुळा दिसला, कुणाला संत, कुणाला थकलेला बाप. एका चित्रापुढून दुसऱ्यापुढे जाताना मी आपोआप तुलना करायला लागलो होतो. चित्रकलेचं शिक्षण नसलेल्या माझ्यासारख्याला चित्रकारांमधला फरक इतका स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसला नाही.

या संग्रहालयामागची हकिगतही मला फार मोठी वाटते. एउलालिओ फेरेर हा स्पेनमधला पोरगा. यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढला, ती बाजू हरली, आणि हजारो निर्वासितांबरोबर तोही फ्रान्समधल्या छावणीत अडकला. तिथे त्याने आपल्याजवळच्या सिगारेटी देऊन एका माणसाकडून पुस्तक घेतलं, ते 'डॉन किहोते' निघालं. छावणीत त्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं. पुढे 1940 मध्ये तो मेक्सिकोला आला, जाहिरातीच्या धंद्यात नाव आणि पैसा कमावला, आणि आयुष्यभर किहोतेची चित्रं-शिल्पं जमवत राहिला. ती सगळी त्याने मेक्सिकोच्या लोकांना देऊन टाकली आणि 1987 साली हे संग्रहालय उभं राहिलं. मूळ पुस्तकाचा लेखक सर्व्हांतेस स्वतः अल्जीयर्समध्ये पाच वर्षं कैदेत होता. कैद सोसलेल्या माणसाने लिहिलेलं पुस्तक तीनशेहून अधिक वर्षांनी दुसऱ्या कैद्याच्या हाती जातं आणि त्याला जगवतं. ही गोष्ट माहीत असताना त्या दालनांतून फिरलं की जमवणाऱ्याचं मनही दिसत राहतं. देश गमावलेल्या माणसाने जिथे आसरा मिळाला त्या देशाला दिलेलं हे दान आहे, आणि मला तरी त्यापुढे नम्र व्हायला झालं.

आता उणी बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय निवड करायला सांगणं बरोबर नाही. एकच माणूस पुन्हा पुन्हा बघून कंटाळा येऊ शकतो. शेवटच्या काही दालनांत मलाही थोडं जड गेलं. शिवाय सगळंच उच्च दर्जाचं नाही. बुद्धिबळाचे संच आहेत, घड्याळं आहेत, टपालाची तिकिटं आहेत. प्रेमाने जमवणारा माणूस चाळणी लावत नाही, ते इथे जाणवतं. निव्वळ कलेच्या मापाने बघितलं तर एका मोठ्या चित्रकाराचं सुरुवातीचं काम यातल्या बऱ्याच गोष्टींपेक्षा वजनदार ठरेल, हे मी मान्य करतो. आणि पुस्तक अजिबात माहीत नसेल, पवनचक्कीची गोष्टही कानावर आलेली नसेल, तर माझा सगळा युक्तिवाद ढिला पडतो. पण त्यावर उपाय सोपा आहे. विमानात पहिल्या भागातली पहिली दहाएक प्रकरणं वाचून टाका. पवनचक्की आठव्या प्रकरणात येते. त्याआधी गावचा पाद्री आणि न्हावी मिळून किहोतेची पुस्तकं जाळायला काढतात, तो प्रसंगही वाचा. चित्रकार त्या प्रसंगाला पुन्हा पुन्हा हात घालतात. त्यापुढे जमलं तर किहोते एका न्हाव्याचं भांडं शिरस्त्राण म्हणून डोक्यावर घालतो तेवढं शोधून वाचा, म्हणजे काही चित्रांत त्याच्या डोक्यावर ते विचित्र ताट का आहे, हे कळेल.

पुस्तक 1605 चं, स्पेनचं. मग मेक्सिकोतल्या डोंगरी गावाचा त्याच्यावर एवढा जीव का, हा प्रश्न मला पडला होता. ग्वानाहुआतोत 1953 पासून विद्यापीठाचे लोक चौकात सर्व्हांतेसची छोटी नाटकं करायला लागले. त्यातून 1972 साली आंतरराष्ट्रीय सर्व्हांतेस महोत्सव सुरू झाला, तो आजही दर ऑक्टोबरात भरतो. म्हणजे संग्रहालय यायच्या आधीपासून गावाने या लेखकाला आपलं मानलेलं होतं. आणि मेक्सिकोने किहोतेला आपल्या पद्धतीनेही घडवलं. पोसादा नावाच्या त्यांच्या मुद्राचित्रकाराने तर घोड्यासकट त्याचा सांगाडा काढलाय, भाला रोखून सुसाट निघालेला. मेलेल्यांचा सण नाचत-गात साजरा करणाऱ्या देशालाच असा किहोते सुचावा. रस्त्यावर पुतळे, दुकानांत बाहुल्या, सगळीकडे तो भेटतो. त्यामुळे संग्रहालयातून बाहेर पडल्यावरही बघणं थांबत नाही, गावभर चालू राहतं.

रिव्हेराच्या बाबतीत याच्या उलट आहे, आणि माझ्या दृष्टीने हा दुसरा मुद्दा. त्याचं सगळ्यात मोठं काम भिंतींवर आहे आणि त्या भिंती मेक्सिको सिटीत आहेत: राष्ट्रीय राजवाड्यात, शिक्षण खात्याच्या इमारतीत, बेयास आर्तेस या कलाभवनात. भिंत उचलून जन्मगावी आणता येत नाही. तुमचं परतीचं विमान मेक्सिको सिटीहून असेल आणि तिथे अर्धा दिवस हाती लागणार असेल, तर रिव्हेरा तिथे बघा. त्या भिंतींपुढे पाटी वाचायची आठवणही होणार नाही. किहोतेचा हा संग्रह मात्र ग्वानाहुआतो सोडून दुसरीकडे बघायला मिळणार नाही.

तरीही काहींना मी रिव्हेराच्याच घरी पाठवीन. स्वतः चित्रं काढणाऱ्याला. कामचलाऊ का होईना, स्पॅनिश येणाऱ्याला. ज्याला मेक्सिको सिटीत थांबायला मिळणारच नाही त्याला. आणि ज्याला जुनी घरं बघायला आवडतात, पैठणच्या जुन्या वाड्यांत तासन्‌तास रमणारी माणसं असतात तशा कुणाला.

बाकी दोन-तीन बारीक गोष्टी. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 2000 मीटरवर आहे आणि गल्ल्या चढाच्या. संभाजीनगरहून गेलेल्याला पहिले काही तास दम लागतो, त्यामुळे सकाळी घाई करू नका. सोमवारची सुट्टी मिळत असेल तर ती रविवारशी बदलून घ्या, कारण सोमवारी संग्रहालयं साधारणपणे बंद असतात. ऑक्टोबरात काम निघालं तर महोत्सवाच्या गर्दीचा विचार करून गाडी आधी ठरवा.

आणि दोन्ही बघायचंच ठरवलं असेल, दोन्ही ठिकाणं एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत म्हणून बरेच जण तसं ठरवतात, तर आधी रिव्हेराचं घर घ्या. डोकं ताजं असताना पाट्या वाचता येतात, मोबाइल चार्ज असतो. जेवण करून दुपारी किहोतेकडे जा. तिथे पाय दुखत असले, बॅटरी संपली असली तरी काही अडत नाही.