दोऱ्याचे घरगुती ऑर्गनायझर : मिठाईचा बॉक्स, तेलाचा कॅन आणि कॅसेटची डबी, माझं मत

अँकर कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याच्या लड्या, मशीनची रिळं, आरीवर्कचे (आकड्याच्या सुईनं करतात ते भरतकाम) सिल्क थ्रेड सगळं एकाच पिशवीत कोंबलं की पोपटी दोरा शोधण्यात दुपार जाते, हे भरतकाम करणाऱ्यांना सांगायला नको. घरातल्या टाकाऊ सामानातून काय काय बनवून वापरलं ते लिहिते, कारण ऑनलाइन सगळे पहिल्या दिवशीचा फोटो टाकतात, पावसाळ्यानंतरचा कुणीच टाकत नाही.

आधी मिठाईचा बॉक्स. फुकट, कात्रीनं कापतो, साधारण ४ सेंमीचा तुकडा घ्यायचा, दोन्ही बाजूला खाचा, वर दोऱ्याचं टोक अडकवायला एक चीर, झाली बॉबिन, म्हणजे दोरा गुंडाळायची पट्टी. दिसायला एक नंबर! पण आपल्याकडं कोल्हापुरात जुलैत पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की हा पुठ्ठा पापडासारखा सादळतो, चीर फाकते आणि टोकं सुटून परत गुंता. शिवाय पेढ्याचा बॉक्स असेल तर तुपाचा डाग आधी बघा, पांढऱ्या दोऱ्याची वाट लागते. पाचपैकी दोन स्टार, तेही फुकट आहे म्हणून. लग्नपत्रिका जरा बरी, कागद जाड असतो, फक्त चमकीवाली नको, चमकी दोऱ्याला चिकटते. (गणपती छापलेल्या भागाला आई कात्री लावू देत नाही ते वेगळंच.)

माझ्या मते बेस्ट म्हणजे ५ लिटरच्या तेलाच्या कॅनची सपाट बाजू, नाहीतर आईस्क्रीमच्या डब्याचं झाकण. कॅन गरम पाण्यानं आणि भांड्याच्या लिक्विडनं दोनदा धुवा, तेल लय चिवट असतं, आणि कापलेल्या कडा नेलफाइलनं घासा नाहीतर दोऱ्याचे तंतू निघतात. सहा पदरी ८ मीटरची लडी आरामात बसते, फक्त सैल गुंडाळा, ताणून गुंडाळली तर घड्या पडतात आणि टाका सपाट बसत नाही. साडेचार स्टार. अर्धा कापला कारण कात्रीनं बोटं दुखतात.

आणि लडीचा कागद फेकायच्या आधी त्यावरचा रंगाचा नंबर बॉबिनवर परमनंट मार्करनं लिहा, स्केचपेन नको, ओल लागली की पसरतो. कंपनीपण लिहा, काळा अँकरमध्ये ४०३ आणि डीएमसीमध्ये ३१०, नुसता नंबर घेऊन महाद्वार रोडला गेलात तर दुकानदार तुमच्याकडं आणि तुम्ही त्याच्याकडं बघत बसाल.

जुन्या कॅसेटची डबी एका प्रोजेक्टच्या रंगांना मस्त, पारदर्शक आहे, पर्समध्ये मावते, पण आतले दोन खुंट मोडावे लागतात. अंड्याच्या ट्रेमध्ये रिळं छान उभी राहतात पण ट्रे वरनं उघडाच राहतो, सगळी धूळ दोऱ्यावर. रबरबँडनं लड्या बांधायचा प्रकार तर नकोच, मे महिन्यात चिकट होऊन दोऱ्यालाच बसतो.

खणांचा मोठा बॉक्स मात्र सरळ विकत घ्या. आईस्क्रीमच्या काड्या चिकटवून खण करण्यात वेळ जातो आणि गोंदपण पावसात सुटतो. बॉक्स खिडकीपासून लांब ठेवा, उन्हानं रंग उडतात, आणि नव्या बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी कोपऱ्यात टाका, लहान पोरं घरात असतील तर झाकण घट्ट लागतंय का तेवढं बघा.