चिया: लाइटबिल वाचतं, एसएसडी संपते

रेटिंग: ५ पैकी २

चिया या क्रिप्टोकरन्सीला ‘ग्रीन’ म्हणतात ते लाइटबिलापुरतं अगदी खरं आहे, हे आधी सांगतो. बिटकॉइन मायनिंगचं, म्हणजे सतत आकडेमोड करून नवी नाणी मिळवण्याचं, एक अँटमायनर एस१९ मशीन सव्वातीन हजार वॅट खातं, म्हणजे दिवसाला ७८ युनिट. चियात हार्ड डिस्कवर ‘प्लॉट’, म्हणजे आधीच आकडेमोड करून बनवलेल्या मोठ्या फायली, भरून ठेवायचे आणि नेटवर्कने विचारलं की त्यातून उत्तर काढून द्यायचं. दहा डिस्क चोवीस तास फिरल्या तरी दीड-दोन युनिट. फाइल शेअरिंगचं बिटटोरंट बनवणाऱ्या ब्रॅम कोहेनचं डोकं आहे हे. सॉफ्टवेअरही छान, जुन्या पीसीवर निवांत चालतं.

पण प्लॉट बनताना काय होतं ते बघा. हार्ड डिस्कवर जाण्याआधी तो सहसा एसएसडीवर, म्हणजे चिपवाल्या वेगवान डिस्कवर बनवतात, आणि एसएसडी जितकं लिहाल तितकी झिजते. माझं काम पीसी असेंबल आणि रिपेअर करण्याचं, त्यामुळे प्लॉटिंग लावलं आणि शेजारी डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून ठेवलं. तयार प्लॉट १०१ जीबीचा. तो होईपर्यंत एसएसडीवर लिहिलेल्या डेटाचा आकडा १,३०० जीबीच्या वर! १ टीबीच्या साध्या एसएसडीला साधारण ६०० टीबी लिहिण्यापर्यंत वॉरंटी असते. म्हणजे साडेचारशेच्या आसपास प्लॉट, १६ टीबीच्या तीन डिस्क भरल्या की खेळ खलास. हीच एसएसडी ऑफिसच्या पीसीत वर्षानुवर्षं चालते. मॅडमॅक्स या प्लॉट बनवणाऱ्या सॉफ्टवेअरला ११० जीबी रॅम दिली तर एसएसडीवरचा मार बराच कमी होतो, पण एवढी रॅम घरी कोणाकडे असते?

रिकामी पडलेली जागा वापरा, ही मूळ कल्पना मला आजही पटते. पण जितकी जागा जास्त तितकं बक्षीस मिळण्याची शक्यता जास्त, असा नियम ठेवल्यावर लोक नव्या डिस्क विकत घेणारच. एप्रिल २०२१ अखेरीस नेटवर्कमधली एकूण जागा १ एक्झाबाइटच्या (सुमारे दहा लाख टीबी) आसपास होती, ऑगस्टपर्यंत ३० च्या वर गेली. एवढी जागा काय कोणाच्या घरी पडून होती? त्या डिस्क बनवायला लागलेली वीज, धातू, पाणी ‘ग्रीन’च्या हिशोबात कुठे धरलंय?

१५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोकरन्सीने मायनिंगच बंद केलं आणि विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त उतरला. तिथे मायनिंगला वापरलेली ग्राफिक्स कार्डं निदान गेमिंगला तरी लावता आली. झिजलेल्या एसएसडीचं काय करणार? तिच्यात डेटा ठेवायची हिंमत होत नाही.

घरात जुन्या डिस्क खरंच पडून असतील तर खुशाल चिया चालवा, नवी मात्र एकही घेऊ नका. आणि सेकंडहँड एसएसडी घेत असाल तर पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून हेल्थ आणि एकूण राइट्सचा स्क्रीनशॉट मागून घ्या.