अ‍ॅझ्टेक रुइन्स: नाव चुकीचं, छपरं अस्सल

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याच्या वायव्य कोपऱ्यात, अ‍ॅनिमस नदीच्या काठी अ‍ॅझ्टेक नावाचं छोटं गाव आहे. त्याला लागूनच अ‍ॅझ्टेक रुइन्स राष्ट्रीय स्मारक. प्रवेश मोफत, फेरी जेमतेम 800 मीटरची आणि संग्रहालय लहान. त्यामुळे बरेच जण अर्ध्या तासात उरकून पुढच्या ठिकाणाकडे निघतात, आणि इथली सगळ्यात मोलाची गोष्ट, म्हणजे बाराव्या शतकातली मूळ छपरं, मान वर न करताच मागे राहतात. किमान दोन तास हातात ठेवून या.

आधी नावाचा घोळ मिटवू. एकोणिसाव्या शतकात इथे वस्ती करायला आलेल्या गोऱ्या लोकांना वाटलं की एवढं मोठं दगडी बांधकाम मेक्सिकोच्या अ‍ॅझ्टेकांचंच असणार. प्रत्यक्षात हे प्राचीन गाव अ‍ॅझ्टेक साम्राज्याच्या कितीतरी आधीचं. ते बांधलं आजच्या प्वेब्लो या मूलनिवासी लोकांच्या पूर्वजांनी. होपी, झूनी आणि रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातली प्वेब्लो गावं यांचा या जागेशी असलेला धागा आजही जिवंत आहे. जुन्या पुस्तकांत या पूर्वजांसाठी ‘अनासाझी’ हा शब्द सापडतो. तो नाव्हाहो भाषेतला, त्याच्या अर्थात ‘शत्रू’ची छटा आहे आणि प्वेब्लो लोकांना तो आवडत नाही. तेव्हा तो तोंडातून काढूनच टाकलेला बरा.

संग्रहालय आधी बघा. ही इमारत अर्ल मॉरिस या पुरातत्त्वज्ञाच्या राहत्या घराभोवती वाढवलेली आहे. त्याने 1916 पासून न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीसाठी इथे उत्खनन केलं, त्यामुळे त्या वेळच्या वस्तूंचा मोठा साठा न्यूयॉर्कला गेला. इथे आहे ते मोजकंच: मातीची भांडी, टोपल्या, विणकाम, दागिने. पण काळ्या-पांढऱ्या भांड्यांवरची नक्षी काचेपाशी उभं राहून पाहण्यासारखी आहे. रेषांची जाडी शेवटपर्यंत सारखी राहते, आणि त्या युका या वनस्पतीच्या पानाचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने काढलेल्या असत. छोटी फिल्म चुकवू नका, कारण आजचे प्वेब्लो लोक या जागेकडे कसं बघतात ते बाहेरच्या दगडांवरून कळत नाही. निघताना मार्गदर्शक पुस्तिका मागून घ्या. तिच्याशिवाय अर्ध्या गोष्टी नजरेतून सुटतात.

वाट पश्चिमेकडच्या मोठ्या वास्तूच्या बाहेरच्या भिंतीपासून सुरू होते. वास्तू 400 हून जास्त खोल्यांची, काही भागांत तीन मजली. भिंतीत हिरवट वालुकाश्माचे आडवे पट्टे दिसतील. भिंत दोन बाजूंनी घडीव दगडांची आणि मधे दगड-मातीचा भराव, अशी चाको पद्धतीची आहे (चाको म्हणजे इथून दक्षिणेकडचं, याच पूर्वजांचं मोठं केंद्र). वजन पेलायला या पट्ट्यांची गरज नव्हती. कुणीतरी मुद्दाम हिरवा दगड निवडून एका ओळीत बसवला आहे.

मग वाट उत्तरेच्या खोल्यांमध्ये शिरते, आणि इथेच वेळ घालवायचा. दारं इतकी ठेंगणी आहेत की कंबरेत वाकूनच जावं लागतं. डोकं आपटतं ते शिरताना नव्हे, पलीकडे घाईने सरळ होताना. दोन पावलं पुढे जाऊन मगच उभे राहा. बाहेरच्या लख्ख उन्हातून आल्यामुळे सुरुवातीला काही दिसत नाही. डोळे सरावेपर्यंत दोन मिनिटं थांबा आणि वर बघा. खाली जाड तुळया, त्यांवर आडवे बारीक वासे, वाशांवर लाकडाच्या चिरफळ्यांचा थर, त्यावर माती, आणि ती माती म्हणजेच वरच्या मजल्याची जमीन. पाइन आणि फरची ही लांब, सरळ खोडं दूरच्या डोंगरांतून आणलेली. चाक नव्हतं, ओझ्याची जनावरं नव्हती. सगळं माणसांच्या खांद्यांवरून आलं. तोडलेली टोकं निरखून बघा. दगडी कुऱ्हाडीचं काम आहे ते.

याच लाकडांमुळे इथला काळ वर्षांनिशी कळला. झाडाच्या वाढीची वलयं ओल्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद पडतात. खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनी इथल्या आणि चाकोतल्या प्वेब्लो बोनिटो या मोठ्या वास्तूच्या तुळयांची वलयं जुळवली. 1929 मध्ये ती साखळी आजच्या झाडांपर्यंत जोडली गेली आणि बरीचशी लाकडं 1110 ते 1120 च्या सुमारास तोडल्याचं ठरलं. तेराव्या शतकाच्या अखेरीस गाव सोडलं गेलं. 1276 ते 1299 चा मोठा दुष्काळ हे एक कारण, पण एकमेव नाही.

खोल्यांतून चौकात आलात की समोर ग्रेट किवा. किवा म्हणजे समारंभाची, समूहाने जमण्याची गोल वास्तू. ही मॉरिसने 1921 मध्ये खणली आणि 1934 मध्ये पुन्हा उभारली. तळाशी व्यास सुमारे साडेबारा मीटर. चार भक्कम खांब, त्यांच्या पायाशी चुनखडीच्या जड तबकड्या, एकेकीचं वजन दीडशे किलोंहून जास्त. आत गारवा आहे, आवाज आपोआप खाली येतो. मात्र एक लक्षात ठेवा: उत्खननात भिंतींचा खालचा भाग हाती लागला होता. छपराची उंची आणि वरची रचना हा मॉरिसचा अभ्यासू अंदाज आहे, आणि त्यावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. हा फरक जागेवर आणखी ठळक सांगायला हवा, कारण बहुतेक फोटो याच वास्तूचे निघतात आणि बघणारे तिलाच सगळ्यात जुनी समजतात. प्वेब्लो लोकांसाठी ही पवित्र जागा आहे. आत आवाज खाली ठेवा.

भिंतींवर बसू नका, टेकू नका. वरचा थर निसटला की पाणी भरावात शिरतं, हिवाळ्यात गोठून फुगतं आणि दर्शनी दगड ढकलून देतं. पूर्वी डागडुजीला सिमेंट वापरलं गेलं. ते दगडापेक्षा कडक, त्यामुळे ओल दरजेतून न निघता दगडातून निघते आणि दगडच झिजतो. म्हणून आता मातीच्या मऊ मसाल्याने दरजा भरतात, आणि काही भाग मुद्दाम पुन्हा मातीत गाडून ठेवले आहेत. याच स्मारकातली हबर्ड नावाची तीन समकेंद्री भिंतींची वास्तू तशीच झाकलेली आहे, तेव्हा ती बघायला मिळेल या आशेवर राहू नका. खापराचा तुकडा उचलणं हा केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा आहे.

उंची साधारण 1,700 मीटर. उन्हाळ्यात सकाळी लवकर या. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांसह पाऊस येतो आणि चौकात आडोसा नसतो. टोपी आणि पाणी हवंच. खोल्यांच्या वाटेवर पायऱ्या आहेत, व्हीलचेअर तिथून जात नाही. पण संग्रहालय आणि बाहेरची फेरी तरीही यावं अशी आहे. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि 1 जानेवारीला स्मारक बंद असतं.

फार्मिंग्टनहून 22-23 किलोमीटर, ड्युरँगोहून साधारण 55. चाको त्याच दिवशी उरकायचा बेत करू नका: शेवटचे वीसेक किलोमीटर कच्चा रस्ता आहे आणि पावसानंतर तो चिखलाचा होतो. त्याऐवजी दुपारी ब्लूमफील्डजवळचं सॅमन रुइन्स बघा. तेही चाको पद्धतीचंच गाव आहे, अकराव्या शतकाच्या अखेरचं.